पाचवा टिपका

"श्वास धर, बाय. धर… धर… आते सोड."

हा आवाज मी सात वर्षांची असताना ऐकला. सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या रांगांमागे, तापीकडे उतरणाऱ्या वाटेवर चार बांबूंना लुगडं बांधून एक गोंदणारी बसली होती. लुगड्याच्या आत माझी आत्या, बाहेर मी. आत्याच्या पदराचं टोक खालून बाहेर आलं होतं, ते मी दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवलं होतं. गोंदणारीचा चेहरा मला दिसला नाही. फक्त आवाज. विहिरीत दोर सोडत जावा तसा, घाई नसलेला, तळाशी ओल असलेला. सुई टेकवण्याआधी ती श्वास धरायला सांगायची, मग एक ओळ गुणगुणायची, आणि ओळ संपली की सोडायला सांगायची. शेवटी ती म्हणाली, "भाईर जी पोर उभी शे, तिले आत धाड. आते तिन्ही पाळी."

म्हणजे माझी पाळी. मी पदर सोडला आणि पळाले. जिलेबीच्या दुकानांपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

आता मी चौतीस वर्षांची आहे, आणि दिवसभर लोकांना श्वास धरायला सांगते.

नंदुरबार संपता संपता, जिथे थंडीत वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथाऱ्या पडतात, तिथे आमचं कॅन्सरचं रुग्णालय आहे. डिसेंबरात गच्चीवरून पाहिलं तर क्षितिजापर्यंत जमीन लाल दिसते. हवा अशी की नवा माणूस गेटपाशीच ठसकतो. तळोद्याच्या, मोलगीच्या जीपमधून उतरलेले पेशंट नाकाला फडकं लावूनच आत येतात. मी तिथे रेडिएशनच्या मशीनवर तंत्रज्ञ आहे. आमच्याकडचे लोक त्याला शेक म्हणतात. शेक दिसत नाही, लागत नाही, त्याचा वासही येत नाही. म्हणून तो नेमका कुठे पडतो हे पाहण्यातच आमचा सगळा जीव असतो.

छातीतली गाठ एका जागी बसत नाही. श्वास घेतला की खाली सरकते, सोडला की वर येते. कुणाची अर्धा सेंटिमीटर, कुणाची दोन. म्हणून आम्ही पेशंटला खोल श्वास घेऊन रोखायला शिकवतो. पोटावर काडेपेटीएवढी एक डबी ठेवतो. कॅमेरा तिच्यावर नजर ठेवतो आणि बाहेर आमच्या पडद्यावर श्वासाची रेष उमटते. रेष वर जाऊन स्थिर झाली तरच मशीन किरण सोडतं. हलली की थांबतं. त्याआधी मशीनचे दोन हात पेशंटभोवती फिरून छातीचं चित्र काढतात. ते पहिल्या सीटीशी जुळवायचं, फरक असेल तेवढे मिलिमीटर टेबल सरकवायचं, मगच शेक. तेव्हा आमच्याकडे पहिले तीन दिवस आणि पुढे आठवड्यातून एकदा असं चित्र काढायची पद्धत होती. बाकीचे दिवस अंगावर टोचलेल्या तीन खुणांवर भरवसा.

दगूबाई आल्या त्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. ब्राह्मणपुरीच्या, चौसष्ट वर्षांच्या, घरची केळी आणि ऊस. कधी विडीला हात लावला नाही, तरी डाव्या फुप्फुसात खालच्या बाजूला गाठ. गाठीने श्वासाची एक नळी दाबली होती आणि त्या नळीवरचा फुप्फुसाचा तुकडा मिटून बसला होता. डॉक्टर जिनल मॅडम त्यांच्या यजमानांशी स्पष्ट बोलल्या होत्या: ऑपरेशन जमणार नाही, तीस शेक द्यायचे, नेमके लागले तर बाई पुढची कितीतरी वर्षं तुमच्याशी भांडेल. यजमान, हिलाल आबा, टोपी काढून म्हणाले होते, नेमकंच लागू द्या.

पहिल्या सीटीच्या दिवशी मी दगूबाईंना टेबलावर आडवं केलं, हात डोक्यावर घेऊन दांडी धरायला सांगितलं. बाही खाली घसरली आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूला गोंदण दिसलं. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार टिपके. मधली जागा मोकळी. असं गोंदण आमच्याकडे पाच टिपक्यांचं असतं. मी सहज विचारलं, मधला राहिला का?

त्या हसल्या. नऊ वर्षांच्या असताना सारंगखेड्याला गोंदणारीपुढे बसवलं होतं म्हणाल्या. ती प्रत्येक टिपक्याला श्वास धरायला लावायची आणि एक ओळ म्हणायची. ओळ संपेपर्यंत टिपका झालेला असायचा. आडव्या पडल्या पडल्या, छताकडे पाहत, त्यांनी म्हणून दाखवलं:

*पयला टिपका मायना, दुसरा टिपका भाऊना,*
*तिसरा सासरना वाटना, चौथा घरना धनीना…*

"आणि पाचवा कुणाचा?" मी विचारलं.

"ते ऐकाले मी थांबनीच नही. पळी गयी."

मीही पळाले होते, हे मी बोलले नाही. हातात सुई होती, काम होतं.

शाईत बुडवलेल्या बारीक सुईने तीन खुणा करायच्या असतात: छातीच्या मधल्या हाडावर एक, उजव्या बरगडीवर एक, डाव्या बरगडीवर एक. भिंतीतून येणाऱ्या लेझरच्या रेषा जिथे फुली करतात तिथे. मधली केली, उजवी केली. दगूबाई हूं की चूं करत नव्हत्या, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळत कानात जात होतं. हात वर अडकलेले, पुसताही येईना. मी डावीकडे आले. तिथे लेझरच्या फुलीच्या बरोबर मध्यावर एक टिपका आधीच होता. हिरवट निळा, कडा पसरलेल्या, जुन्या गोंदणाचा असतो तसा.

मी सुई खाली ठेवली. मुद्दाम मोजून केल्यासारखी खूण समोर असताना या बाईला तिसऱ्यांदा का टोचायचं? सीटीत जागा दिसावी म्हणून टिपक्यावर शिशाचा मणी चिकटवला आणि सीटी केली. फॉर्मवर लिहिलं: खुणा तीन, टोचल्या. खाली सही केली, स्वप्नाली. जुन्या गोंदणाला खूण मानायचं नाही हे मला शिकवलेलं आहे. ते कुठल्याही ढिल्या कातडीवर असतं, आणि माणूस वाळला की कातडी सरकते. मला ते माहीत होतं. मी त्या टिपक्याविषयी दगूबाईंना काही विचारलंही नाही.

शेक सुरू झाला. एका दिवसाच्या शेकासाठी चार वेळा श्वास धरावा लागत होता. पहिल्या दिवशी मी माइकचं बटण दाबून म्हटलं, "मावशी, श्वास घ्या… रोखा." पडद्यावरची रेष चढली आणि सपाट झाली. पट्टीने आखावी तशी. चोवीस सेकंद. मग मी म्हटलं, "सोडा."

आमचे भौतिकतज्ज्ञ भूपेंद्र सर माझ्या शेजारी बसतात. मशीनचं सगळं गणित त्यांचं. ते म्हणाले, आपल्या इथे मिरचीच्या दिवसांत योगवाल्यालाही आठ सेकंदांत ठसका लागतो. त्यांनी मघाच जुळवलेलं चित्र पुन्हा पुढे घेतलं. फरक: वर-खाली शून्य, डावी-उजवी शून्य, पुढे-मागे शून्य. त्यांनी काचेवर टिचकी मारली, जणू आकडा अडकला असावा. सरावलेल्या पेशंटचाही दोन-तीन मिलिमीटर फरक येतोच. माणूस आहे, वीट नाही.

दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य.

बाहेर बाकावर हिलाल आबा पिशवी मांडीवर घेऊन बसलेले असत. मी कौतुकाने सांगितलं की मावशी चोवीस सेकंद श्वास रोखतात. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "घरमा हाई बोलाले लागनी का श्वास भी घेत नही. आठे इतली गप ऱ्हास?" दगूबाईंनी पदराआडून त्यांना कोपर मारलं. अख्खा बाक हसला.

सहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की रेष माझ्याआधी चढते.

माझं बोट बटणावर जायचं, आणि बोट टेकायच्या आत दगूबाईंनी श्वास घेतलेला असायचा. मी मनाशी म्हटलं, अंगवळणी पडलं असेल. सातव्या दिवशी मुद्दाम थांबले. बटणाला हात न लावता घड्याळ पाहत राहिले. अकरा सेकंदांनी रेष चढली, सपाट झाली, मशीनने शेक दिला, रेष उतरली. मी एक शब्दही बोलले नव्हते.

त्या दिवशी त्यांना टेबलावरून उठवताना त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मशीनमा तू आपली बोली कितली गोड बोलस वं. भाईर उनी का मंग पुस्तकमाधली मराठी काबरं?"

माइकवर मी ठरलेले तीन शब्द बोलते. घ्या, रोखा, सोडा. नियमच आहे तसा, पेशंट गोंधळू नये म्हणून. मी विचारलं, मी काय बोलते मशीनमध्ये?

"तेच. धर, धर, आते सोड. आन् मधमा ती ओळ."

"कोणती ओळ?"

त्यांना माझी गंमत वाटली. "चार डाव श्वास, चार ओळी. मीच तुले शिकाडनी ना!"

मी भूपेंद्र सरांना सांगितलं. ओळींचं नाही सांगितलं, माइकमधून दुसराच आवाज येतो एवढंच. त्यांनी केबल बदलली, स्पीकर उघडला, फुंकर मारून बसवला. जवळपास कुठे लग्नाचा मांडव आहे का पाहिलं. नव्हता, आणि असता तरी काय, त्या खोलीच्या भिंती हातभर नाही, पुरुषभर जाड सिमेंटच्या आहेत. आत मोबाइलही लागत नाही. सर म्हणाले, पेशंट दमलेला असतो, आत एकटा असतो, त्याला काहीही ऐकू येतं. मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

पण आठवड्याचं चित्र निघालं तेव्हा पुन्हा शून्य होतं. दोन आठवड्यांत दगूबाईंचं वजन तीन किलो उतरलं होतं. बरगडीवरची कातडी चिमटीत येत होती. तो टिपका सरकायलाच हवा होता. तो लेझरच्या फुलीखाली, पहिल्या दिवशी होता तिथेच होता. मी रोज त्याला फुलीखाली आणायची आणि रोज मनात म्हणायची, आज सांगते मॅडमना. मग आकडे बरोबर यायचे आणि सांगायचं राहून जायचं.

सतराव्या दिवशी सकाळी मशीनचा चित्र काढणारा हात बिघडला.

सुटा भाग बाहेरून यायचा होता. आठ-दहा दिवस तरी, असा फोन आला. शेक देता येत होता, पाहता येत नव्हतं. भूपेंद्र सरांनी यादी काढून ज्यांचं थांबवायला हवं त्यांचं थांबवलं. दगूबाईंच्या नावापाशी आले आणि म्हणाले, यांचा प्रश्नच नाही, यांच्या खुणा सोन्यासारख्या आहेत. खुणांवर चालू दे.

त्यांचं काही चुकत नव्हतं. कागदावर तीन टोचलेल्या खुणा होत्या.

मी दगूबाईंना आडवं केलं. मधली खूण जुळवली, उजवी जुळवली. डावीकडचा टिपका फुलीखाली आला. पोटावर डबी ठेवली. बाहेर आले. जाड दार हळूहळू सरकत बंद झालं.

"मावशी, श्वास घ्या… रोखा."

रेष चढली नाही. साध्या श्वासासारखी वरखाली होत राहिली.

मी पुन्हा म्हटलं. काही नाही. कॅमेऱ्यात त्या दिसत होत्या: हात वर, डोळे मिटलेले, चेहरा झोपलेल्या लेकरासारखा. मशीन तयार होतं. रेष स्थिर होत नव्हती, म्हणून किरण सुटत नव्हता.

तिसऱ्यांदा बटण दाबलं. सोडलं.

स्पीकरमधून आतल्या पंख्याची घरघर येत होती. मग ती थांबल्यासारखी झाली.

"आज नको."

विहिरीत सोडलेला दोर. तळाशी ओल.

माझी दोन्ही हातांची बोटं आपोआप मिटली. त्यांत काही नव्हतं. तरी मी काहीतरी घट्ट धरून ठेवलं होतं.

"काय म्हणाल्या मावशी?" भूपेंद्र सरांनी फायलीतून मान वर करून विचारलं.

कॅमेऱ्यात दगूबाईंचे ओठ मिटलेलेच होते.

मी दार उघडून आत गेले, टेबल खाली घेतलं. त्यांनी डोळे उघडले आणि जरा गोंधळून म्हणाल्या, "तूच सांगनी ना, आज श्वास धरू नको?"

मी त्यांना शाल पांघरली आणि बसायला सांगितलं. सरांनी विचारलं, दमल्यात का, उद्या घ्यायचं का? उद्याही खुणांवरच घ्यायचं होतं. आणि परवा. आणि त्यानंतरचे आठ दिवस.

मी जिनल मॅडमच्या खोलीत गेले. त्या नंदुरबारच्याच, कापडाच्या पेढीवरच्या घरातल्या. बोलणं मोजकं, नजर चोख. मी म्हटलं, दगूबाईंचा पुन्हा सीटी करू या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर अकरा जण सीटीसाठी ताटकळत होते. का, असं त्यांनी विचारलं.

आवाजाचं सांगून कुणी सीटी करत नाही. पण माझ्यापाशी दुसरं एक कारण होतं आणि ते खरं होतं. सोळा दिवस मी ते गिळत होते. ते सांगितलं की मशीन माझ्या हातून जाईल, हे मला ठाऊक होतं. न सांगता परत फिरले असते तर दगूबाई उद्या पुन्हा त्याच टेबलावर.

"मॅडम, डावीकडची खूण मी टोचलेली नाही. तिथे जुनं गोंदण होतं, तेच धरलं. फॉर्मवर खोटं लिहिलं."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "किती दिवस?"

"सोळा."

"चित्रं जुळत होती?"

"शून्य येत होतं. प्रत्येक वेळी."

"मग मला जास्तच भीती वाटायला हवी," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "आणा त्यांना सीटीला."

सीटीच्या काचेबाहेर आम्ही तिघं उभे होतो. चित्र थराथराने उलगडत आलं. आधी मला काही कळेना, कारण जिथे आधीच्या प्रत्येक चित्रात पांढुरका मिटलेला तुकडा पाहायची सवय झाली होती, तिथे काळंभोर होतं. म्हणजे हवा. गाठ निम्म्याने आटली होती, दबलेली नळी मोकळी झाली होती आणि मिटलेलं फुप्फुस फुलासारखं उघडलं होतं. ते उघडताना गाठीला वर ढकलून घेऊन गेलं होतं. मॅडमनी मोजलं. एकवीस मिलिमीटर.

भूपेंद्र सर स्टुलावर बसले. मग सर हळूच म्हणाले, दहा दिवस. दहा दिवस आपण गाठ अर्धी बाहेर सोडून नुकत्याच उघडलेल्या चांगल्या फुप्फुसाला भाजलं असतं. खूण बरोबर टोचलेली असती तरीही, ते म्हणाले. हाडावरच्या खुणेला आतलं काय दिसणार?

"चांगली बातमी आहे ही," मॅडम म्हणाल्या, आणि तेव्हा मला त्यांचे डोळे ओले दिसले. "बाई बरी होतेय. फक्त आपण पाहायला हवं."

नवा आराखडा करायचा म्हणजे नव्या खुणा करायच्या. मॅडमनी सुई माझ्याच हातात दिली. दगूबाईंनी हात वर घेतले. मी डाव्या बरगडीपाशी वाकले.

टिपका नव्हता.

मी दिवा जवळ घेतला. स्पिरिटने पुसलं. कातडी दोन बोटांनी ताणून पाहिली. गव्हाळ, स्वच्छ, एक तीळसुद्धा नाही. पंचवीस मिनिटांपूर्वी मी त्याच्यावर लेझरची फुली आणली होती. मधली खूण होती, उजवी होती. फायलीतल्या पहिल्या दिवशीच्या फोटोत तिन्ही होत्या. तो फोटो आजही तिथेच आहे.

मॅडम म्हणाल्या, शाईपेनाचा ठिपका असेल, पुसला गेला. मी हो म्हटलं. मग दगूबाईंना सांगितलं, मावशी, आता टोचणार आहे, आणि टोचलं. त्यांनी श्वास धरला. सोडला.

माझ्या फायलीला मेमो लागला. तो लागायलाच हवा होता. महिनाभर मला एकटीने मशीन चालवायची मनाई होती. आणि त्या आठवड्यापासून छातीच्या प्रत्येक पेशंटचं रोज चित्र काढायचं असा नियम मॅडमनी केला. दिवसाला तास-दीड तास जास्त जातो, बाकावरचे लोक कुरकुरतात, पण तो नियम आजपर्यंत कुणी मोडलेला नाही. सुटा भाग चौथ्याच दिवशी आला. दगूबाईंचा शेक पुन्हा सुरू झाला. आता आकडे यायचे दोन मिलिमीटर, तीन मिलिमीटर, एकदा चार. मी टेबल तेवढं सरकवायची. ते साधे, माणसाचे आकडे पाहून मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. रेषही आता जराशी थरथरायची. एकदोनदा ठसकाही आला, मिरचीचा.

नव्या आराखड्यात पाच वेळा श्वास धरायचा होता. चार वेळा रेष माझ्या सांगण्यावर चढायची, बाकीच्या पेशंटसारखी. पाचव्या वेळी ती माझ्याआधी चढायची आणि पट्टीने आखल्यासारखी उभी राहायची. मी बटणावरचं बोट उचलून घ्यायची. भूपेंद्र सर त्या वेळी नेमके फायलीत पाहत असत.

दगूबाई तपासणीला आल्या त्या आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर. पथाऱ्या केव्हाच उठल्या होत्या, जमीन पुन्हा मातीच्या रंगाची झाली होती. सीटीत गाठीच्या जागी बारीकशी सुरकुती उरली होती. मॅडमनी तीन महिन्यांनी या म्हणून सांगितलं. हिलाल आबांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, आते हाई भांडाले मोकळी. बाहेर जाऊन ते बराच वेळ नळावर तोंड धूत राहिले.

दगूबाई माझ्यासाठी झोळीत पपई घेऊन आल्या होत्या. मशीनच्या खोलीबाहेर, जिथे पेशंट चपला काढतात तिथे आम्ही बसलो. त्यांना अजून काही सांगितलेलं नव्हतं. मॅडमना सांगितलं, कागदावर लिहून दिलं, पण जिच्या अंगावर ते झालं तिला नाही.

मी म्हटलं, "मावशी, पहिल्या दिवशी तिसरी सुई मी तुम्हाला टोचली नव्हती. डाव्या बरगडीवर तुमचं जुनं गोंदण होतं, त्याच्यावरच मी चालवून घेतलं. तुम्हाला विचारलं नाही. माझी चूक होती."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या नव्हत्या. ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होत्या.

"मन्ही छातीवर गोंदण कधीच नव्हतं वं पोरी."

खाली गेटपाशी जीपचा हॉर्न वाजला. त्यांनी डाव्या हाताची बाही वर सारली. चार कोपऱ्यांवर चार टिपके, जुने, हिरवट, कडा पसरलेले. मध्ये पाचवा. काळानिळा, नेटका, भोवती किंचित लालसर. नव्या गोंदणाची लाली आठ दिवसांत जाते. शेक संपून तीन महिने झाले होते.

"तो आवाज तुन्हा नव्हता, त्या गोंदनारीना व्हता, हाई माले मंग समजनं. शेवटला दिन तिनी ती ओळ म्हनी," त्या म्हणाल्या. "पाचवा टिपका आपला जीवना. तवढीच. मी पळनी नही या डाव."

मी त्या टिपक्याला हात लावला नाही. दगूबाईंनी बाही खाली घेतली आणि पपई माझ्या मांडीवर ठेवली.

"एक गोट तुले सांगनी नव्हती मी. तुन्हा हातमा सुई ऱ्हास, थरथरना असता हात." त्यांनी पदर नीट केला. "मंग ती रोज इचारे माले. पदर सोडीसन पळी गयी ती पोर हाईच का, म्हने."

मला श्वास सोडायचं भान राहिलं नाही.

"मी सांगं, हो, हाईच. आते पळत नही ती."